ठिपका बघ, हिरोईन नंतर

रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येऊन जायचा. बारीक, गोल, कधी काळा, कधी प्रिंट ओरखडून केलेला पांढरा. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात, त्यातल्या जेमतेम चार चित्रांवर तो असायचा, म्हणजे पापणी लवली की चुकला. खाली बसलेल्यांना तो दिसायचा नाही, आणि दिसलाच तर प्रिंट घाणेरडी आहे म्हणून ते सोडून द्यायचे. माझ्या मामाची नोकरी मात्र त्या ठिपक्यावर होती. पहिला ठिपका आला की शेजारच्या मशिनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा आला की या मशिनचा उजेड झाकायचा आणि त्या मशिनचा उघडायचा. हे नीट जमलं की नायिकेचा हुंदका एका मशिनवर सुरू होऊन दुसऱ्यावर संपायचा आणि थेटरात कुणाला पत्ता लागायचा नाही. नाही जमलं तर पडदा पांढराफटक, शिट्ट्या, आणि ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार.

“ठिपका बघ, हिरोईन नंतर बघ,” असं तो मला सांगायचा. सिनेमाबद्दल मला मिळालेलं हे पहिलं शिक्षण.

मामा सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑपरेटर होता. गावात एकच थेटर. पत्र्याचं छप्पर, पडद्यापाशी थर्ड, मग सेकंड, मागे फर्स्ट, वर बाल्कनी, आणि बाल्कनीच्याही डोक्यावर मामाची केबिन. मे महिना आणि दिवाळी आम्ही आजोळी काढायचो. मामेभाऊ थर्डात बाकड्यावर बसून फुकट सिनेमा बघायचे, कारण डोअरकीपर ओळखीचा. मुलीच्या जातीनं तिथं बसायचं नाही, हा आजीचा दंडक. आणि मला रोज बाल्कनीत बसवावं इतकं काही कुणाचं खिशाशी वैर नव्हतं. म्हणून माझी रवानगी केबिनमध्ये. भावांना माझा हेवा वाटायचा आणि मला त्यांचा.

केबिनमध्ये दोन मशिनं, रिळं गुंडाळायचं टेबल, पाण्याचा माठ आणि भिंतीवर हळदकुंकू लावलेला एक गणपती. मशिनच्या पोटात दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर जळायच्या. त्यांच्यामधल्या ठिणगीचा उजेड भिंगातून पडद्यापर्यंत जायचा. कांड्या जळून आखूड होत, मधलं अंतर वाढे आणि पडद्यावर सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसे. मग मामा एक चावी इवलीशी फिरवून कांड्या जवळ आणायचा. मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. दोन हजार फुटांचं रीळ बावीसेक मिनिटांत संपतं. तीन तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे सोळा हजार फूट, म्हणजे आठ रिळं, म्हणजे सात वेळा तो ठिपका. हा हिशोब मला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला असावा. आजही सिनेमा बघताना वीस-बावीस मिनिटं झाली की माझी नजर आपोआप त्या कोपऱ्यात जाते. तिथं आता काही नसतं.

केबिनच्या भिंतीला प्रत्येक मशिनपुढे दोन चौकोनी भोकं होती. एकातून उजेड बाहेर जायचा, दुसऱ्यातून ऑपरेटर पडदा बघायचा. रिळांच्या रिकाम्या पेटीवर उभं राहून मी त्या दुसऱ्या भोकाला डोळे लावायचे. मशिनच्या खडखडाटात संवाद निम्मेच कळत. पण खालचा हशा, खालची शिट्टी, खालचा हुंदका स्वच्छ वर यायचा. पडदा लांब होता. जवळ होती ती डोकी. पांढऱ्या टोप्या, पटके, तेल लावून बसवलेले केस, बाजूला बायकांच्या रांगेतले पदर, आणि त्या सगळ्यांवरून जाणारा उजेडाचा झोत, ज्यात विड्यांचा धूर वर चढताना दिसायचा. कुठं हसायचं, कुठं घसा दाटायचा, कुठं कंटाळा येऊ द्यायचा, हे मी त्या डोक्यांकडून शिकले. पडद्यावरचं कळण्याआधी ती मला कळायची. कंटाळलेलं डोकं कसं दिसतं माहितीय? ते शेजारच्या डोक्याकडे झुकतं.

त्यामुळे कुणी आवडते सिनेमे विचारले की माझी पंचाईत होते. जे सिनेमे मी एकटीनं, घरी, उत्तम पडद्यावर पाहिले ते कितीही थोर असले तरी यादीत शिरतच नाहीत. जगभरच्या नावाजलेल्या दिग्दर्शकांचं मी पुष्कळ पाहिलंय, पुण्यात राहून ते चुकवणं अवघड असतं. पण यादी करायला बसले की लेखणी तालुक्याच्या त्या पत्र्याच्या थेटराकडेच वळते. हे काही रसिकाचं लक्षण नव्हे. असो.

‘संत तुकाराम’ यादीत पहिला. प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांनी केलेला, १९३६ सालचा. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे मी मोठेपणी वाचलं. आमच्या गावी तो दिवाळीनंतर कार्तिकीच्या सुमारास यायचा आणि दुपारी खास बायकांचा खेळ लागायचा. आजी त्या दिवशी उपास धरून, ठेवणीतलं लुगडं नेसून थेटरात जायची. विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गायला लागले की खाली बायकांचे हात जोडले जायचे. पण खरं सांगायचं तर पागनीसांच्या वेळी थेटर भक्त असायचं, जिवंत व्हायचं ते जिजाईच्या वेळी. गौरी नावाच्या बाईंनी ती जिजाई केलीय. नवरा देवाच्या नादी लागलाय, घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि त्या विठ्ठलालाच जाब विचारते. त्या ठिकाणी बायका आधी हसायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या, दर वर्षी, त्याच ठिकाणी. मी वरून वाट बघायचे की यंदा तरी ही गप्प होण्याची वेळ चुकते का. चुकायची नाही.

शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे, घरात, पोरांपाशी राहते. पडद्यावर विमान चढायला लागलं की खालून चिल्लर उडायची. आजी मात्र पैसे टाकत नसे. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, “त्यो निघाला की वर. त्याला कशाला पैसं? मागं राहिली तिला कोण दील का?”

त्या सिनेमातलं ‘आधी बीज एकले’ हे पद तुकोबांचं नाही, शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे. अजूनही कितीतरी लोक ते अभंग म्हणूनच म्हणतात. हे मला कॉलेजात कळलं आणि सुट्टीत आल्याआल्या मी आजीला मोठ्या ऐटीत ऐकवलं. तिनं गहू निवडता निवडता मान वर केली. “मग आठवल्यांनी तुकोबाकडनं ऐकून लिवलं असंल,” असं म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली. संगीताच्या किंवा साहित्याच्या कुठल्याही अभ्यासकानं या पदाबद्दल याहून चांगलं काही म्हटलेलं माझ्या वाचनात नाही.

देवाधर्माच्या सिनेमांचा आमच्याकडे वेगळाच बंदोबस्त असे. ‘जय संतोषी माँ’ १९७५ साली आला आणि देशभर लोक चपला बाहेर काढून सिनेमाला बसले, पडद्याला फुलं वाहिली. आमच्या डोअरकीपरला तेव्हा तिकिटं फाडण्यापेक्षा चपला सांभाळायचं काम जास्त होतं, असं मामा सांगायचा. मी तेव्हा फार लहान होते, ते मी पाहिलेलं नाही.

प्रिंट आमच्यापर्यंत यायची तेव्हा मुंबई, पुणे, कोल्हापूर असा सगळा प्रवास करून, अंगभर ओरखडे घेऊन आलेली असायची. एसटीच्या टपावरून पत्र्याच्या पेट्या उतरायच्या. कधी एकच प्रिंट दोन गावांत चालायची. तिकडं पहिली दोन रिळं संपली की सायकलवरून इकडं, असं दिवसभर. सायकल पंक्चर झाली की इंटरव्हल लांबायचा आणि भजीवाल्याची चांदी व्हायची. फिल्म तुटली की मामा ब्लेडनं दोन्ही टोकं साफ कापायचा, कडेचा मसाला खरवडायचा, सिमेंट लावायचा आणि दाबून धरायचा. दर जोडाला दोन-चार चित्रं जायची. अशा हजार जोडांनंतर सिनेमा आमच्या गावात पोचायचा तोवर कुठलं गाणं एका कडव्याला मुकलेलं, कुठला खलनायक मरण्याआधीच मेलेला. पुढं टीव्हीवर, मग कॉम्प्युटरवर ते सिनेमे अख्खे पाहिले तेव्हा मला उगाच वाटायचं की यांनी मध्ये काहीतरी घुसडलंय.

कापलेली चित्रं माझी. फ्यूज गेलेला बल्ब मागून हलकेच फोडून त्यात पाणी भरायचं, दाराच्या फटीतून आरशानं ऊन आत पाडायचं, मध्ये फिल्मचा तुकडा धरायचा, आणि माजघराच्या सारवलेल्या भिंतीवर हेमा मालिनी उलटी उभी. मग तुकडा उलटा धरायचा म्हणजे ती सुलटी. तीन भाऊ आणि मी, आम्ही दुपार दुपार हे करायचो. मामी भाकरी थापता थापता ओरडायची की भिंत तापून पोपडे जातील. उन्हानं भिंतीचे पोपडे जातात हे तिचं ठाम मत होतं.

आता ‘सामना’. याच्यावर मला जरा रेंगाळायचंय.

जब्बार पटेलांचा हा पहिला सिनेमा. लेखन विजय तेंडुलकरांचं, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. आमच्या थेटरात मी पाहिला तो नंतर बऱ्याच वर्षांनी, परत फिरून आलेल्या प्रिंटवर. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. साखर कारखान्याचा, दूधसंघाचा, सगळ्याचाच मालक असलेला हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. त्याच्या राज्यात एक दारूडा म्हातारा मास्तर येऊन पडतो, म्हणजे श्रीराम लागू. आणि हा मास्तर एकच प्रश्न घेऊन बसतो: मारुती कांबळेचं काय झालं?

हे सगळं पुण्यामुंबईच्या माणसांनी सिनेमा म्हणून पाहिलं असेल. आमच्या थेटराच्या मागच्या बाजूला खऱ्या कारखान्याची चिमणी दिसायची. थर्डात ऊसतोडीची, गाळपाची, हमालीची माणसं. बाल्कनीत कारखान्याशी संबंधित मंडळी, पांढऱ्या कपड्यांतली, पहिल्याच रांगेत, आणि त्या दिवशी तर कुणी मोठे पाहुणेही होते. सिनेमा सुरू झाला. निळू फुले पडद्यावर आले, तो खर्जातला सावकाश आवाज आला, पण नेहमीसारख्या शिव्या आल्या नाहीत. थेटर थंड. मी खाली बघितलं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं. एरवी मला डोकी दिसायची, त्या क्षणी चेहरे दिसत होते. थर्डातली पाच-पन्नास माणसं मान वळवून मागं, वर, बाल्कनीकडे बघत होती. झोताच्या परतलेल्या उजेडात त्यांचे डोळे चकाकत होते. एखाद-दोन सेकंद असतील. मग एकेक मान पुन्हा पडद्याकडे वळली.

“मामा, ती मागं का बघतायत?” मी विचारलं.

“तू ठिपका बघ,” मामा म्हणाला. त्या रिळाचा ठिपका यायला अजून खूप वेळ होता.

पुढं गावात तो प्रश्न चेष्टेवारी झाला. उधारी मागायला कुणी आलं, कुणाची सायकल हरवली, क्रिकेटच्या मॅचमध्ये कुणी झेल सोडला की पोरं ओरडायची, मारुती कांबळेचं काय झालं? आणि मामा सांगायचा की एका वर्षी सभासदांच्या वार्षिक सभेत, अहवाल वाचून मंजूर-मंजूर चाललेलं असताना, मंडपाच्या पार मागून कुणीतरी हाच प्रश्न टाकला. सभा हसली. कोण बोललं ते शोधायला दोन माणसं मागं गेली, तोवर तिथं सगळे सारखेच चेहरे. सिनेमानं समाज बदलतो की नाही यावर पुण्यात मी बरेच परिसंवाद ऐकलेत. मला एवढंच सांगता येईल की एक वाक्य गावात राहिलं आणि ते कुठं वापरायचं हे लोकांनी आपापसांत ठरवलं.

निळू फुले सेवा दलातले होते, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळ्याची नोकरी केली होती, माणूस म्हणून फार साधे आणि सज्जन होते. हे मामा मामीला पटवून पटवून थकला. “असतील,” मामी म्हणायची, “पर डोळं बघा की त्यांचं.” ‘सिंहासन’ आला तेव्हा तर घोटाळाच झाला. त्यात ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत, सगळं राजकारण बघणारे, हळूहळू खचत जाणारे. आमचं थर्ड मात्र शेवटच्या रिळापर्यंत वाट बघत होतं की हा आता डाव कधी टाकतो. टाकला नाही, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटला, तर लोक म्हणाले, बघा, काहीतरी केलंच असणार यानं.

‘उंबरठा’ १९८२ सालचा. तो आमच्याकडे फार दिवस टिकला नाही. बाल्कनीत आम्ही घरच्याच बायका आणि खाली चार-दोन माणसं. आई, मामी आणि मी. स्मिता पाटील त्यात सुलभा महाजन आहे. वकील नवरा, सुखवस्तू घर, लहान मुलगी, आणि ही बाई दूरच्या गावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. ती पुन्हा निघते. त्या रात्री थेटरातून चालत घरी येताना आई आणि मामी यांचं जे भांडण झालं, ते मला सिनेमापेक्षा जास्त लख्ख आठवतं. आई शिक्षिका, स्वतःच्या पगाराची, पुण्यात राहणारी. तिचं म्हणणं, पोरीला सोडून जायला नको होतं, काही झालं तरी. मामी चौथीत शाळा सुटलेली, तालुक्याबाहेर क्वचित गेलेली. ती म्हणाली, “बरं केलं गेली ती. सासू हाय की पोरीला बघाया.” आई चिडली. मामीनं ऐकून घेतलं आणि थोड्या वेळानं म्हणाली, “वन्सं, तुमी रोज उंबरा वलांडताय, तुमास्नी काय त्याचं.”

आई त्यावर काय म्हणाली ते मी विसरले, किंवा ती काही म्हणालीच नाही. पण मामी पुढं कायम त्या बाईबद्दल ‘आपली सुलभा’ म्हणून बोलायची. डिसेंबर १९८६ मध्ये स्मिता पाटील गेली, जेमतेम एकतीस वर्षांची, बाळंतपणानंतर. मामीनं पत्र पाठवलं होतं. तिला लिहायला त्रास व्हायचा, ती कधीच पत्र लिहीत नसे. चार ओळींत घरची खुशाली आणि शेवटी, सुलभा गेली, वाईट झाले.

तोवर व्हिडिओ आला होता. गावात दोन ठिकाणी अंधाऱ्या खोल्यांत टीव्ही लावून, सतरंजीवर बसवून सिनेमे दाखवायचे. गणपतीत मंडळं रात्रभर व्हीसीआर भाड्यानं आणायची. मामाचं थेटर ओस पडायला लागलं. मग १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला, आणि पुढच्या सुट्टीत मी गेले तर थेटराबाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड. मी तेव्हा कॉलेजात होते, बाल्कनीत बसू शकत होते, पण केबिनमध्येच गेले.

एवढा हशा मी त्या पत्र्याखाली कधी ऐकला नव्हता. लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा मिळावी म्हणून दोन पुरुष बायका होतात, ही गोष्ट ‘बीवी और मकान’ या हृषीकेश मुखर्जींच्या सिनेमावरून घेतलेली. पण वसंत सबनीसांच्या लेखणीतून ती अशी काही मराठी झाली की मूळ कुणाला आठवू नये. अशोक सराफ एक वाक्य टाकायचे आणि थेटर कोसळायचं. त्या हशात पुढचं वाक्य बुडणार म्हणून मामा आवाजाच्या बटणावर हात ठेवून उभा असायचा. आणि गंमत अशी की फारसं बुडायचं नाही. कारण पडद्यावरची माणसं थांबायची. वाक्य टाकून अर्धा श्वास थांबणं, समोरच्याकडे बघणं, टोपी नीट करणं. ही सगळी नाटकात मुरलेली माणसं; समोर प्रेक्षक नसतानाही त्याचा हशा त्यांनी धरून ठेवला होता.

परवा मी तो फोनवर पाहिला, एकटीनं, कानात इअरफोन घालून. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार, ती सत्तर रुपयांची भानगड, ‘धनंजय माने इथेच राहतात का’, सगळं जागच्या जागी. पण त्या थांबण्याच्या जागा रिकाम्या ऐकू आल्या. तिथं आमचं थर्ड हसायला हवं होतं. माझा भाचा त्या सिनेमानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. त्याला सगळे संवाद पाठ आहेत आणि तो ते नटाच्या आधी म्हणतो. त्यानं ते मीम्समधून शिकलंय. मला आधी राग यायचा, आता वाटतं, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा आलेली थर्डातली पोरंही हेच करायची.

‘माहेरची साडी’ला, म्हणजे १९९१ साली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका आल्या. राजस्थानीत गाजलेल्या सिनेमाची ही मराठी आवृत्ती. पुण्यात माझे मित्रमैत्रिणी या सिनेमाला हसायचे. सिनेमा म्हणून तो मला आजही आवडत नाही. सोसणाऱ्या बाईला इतकं सोसायला लावायचं की सोसणंच तिचं पुण्य ठरावं, हे मला पटत नाही. पण तो माझ्या यादीत आहे. माझी एक मावशी होती, जिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिचा नवरा गेला तेव्हा नाही, जमीन गेली तेव्हा नाही. तिच्या घरात रडायला वेळ आणि जागा दोन्ही नव्हते. त्या दिवशी ती अलका कुबलला बघून इतकी रडली की शेजारच्या अनोळखी बाईनं तिला जवळ घेतलं, आणि मग दोघी रडल्या. इंटरव्हलला दोघींनी मिळून भजी खाल्ली. सिनेमा सुटल्यावर मावशी मला म्हणाली, “लई छान वाटलं बघ.” दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, डबा घेऊन.

ते थेटर मग रडतखडत काही वर्षं चाललं. मामा निवृत्त झाला, नंतर थेटरही बंद पडलं. आता तिथं मंगल कार्यालय आहे. खुर्च्या काढून फरशी टाकलीय आणि पडदा होता तिथं नवरा-नवरी बसतात. ‘श्वास’ला २००४ मध्ये सुवर्णकमळ मिळालं, ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी, तेव्हा मामानं तो टीव्हीवर पाहिला. सिनेमा आवडला, जाहिराती नाहीत. दर जाहिरातीला तो म्हणायचा, “कुठल्या गाढवानं इथं इंटरव्हल केला?”

मग २०१६ साली ‘सैराट’. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, चित्रीकरणही बरंचसं तिकडचंच, आणि आमच्या भावकीत सगळ्यांनी तो पाहिलेला. मामाला पंचाहत्तरी होऊन गेली होती, गुडघे दुखत होते, तरी हट्ट धरला. मी त्याला जवळच्या शहरातल्या मोठ्या थेटरात घेऊन गेले. गार हवा, गुबगुबीत खुर्ची; त्याला ती पसंत पडली नाही, झोप येते म्हणाला. पण आवाजावर खूश होता. अजय-अतुल यांनी वाद्यवृंद पार लॉस एंजलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला, हे मी सांगितल्यावर म्हणाला, “मग वाजणारच की.” ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचली, तेव्हा मामा पडद्याकडे बघतच नव्हता, नाचणाऱ्यांकडे बघत होता. ते मी त्याच्याचकडून शिकले होते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

आणि मग तो शेवट. दार उघडं, लहान मूल आत येतं, आणि सिनेमातला सगळा आवाज थांबतो. संगीत नाही, रडणं नाही, काहीच नाही. आमच्या आजूबाजूला एवढी माणसं होती, पण पॉपकॉर्नची पिशवीसुद्धा वाजली नाही. मामा चुळबुळायला लागला. मी त्याचा हात धरला, मला वाटलं त्याला भरून आलंय. त्यानं हात सोडवला, दुखऱ्या गुडघ्यांवर उभा राहिला, मागं वळून वरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि पूर्ण ताकदीनं ओरडला, “ए, साउंड! साउंड गेला!”

सगळं थेटर वळून आमच्याकडे बघायला लागलं. मी त्याला खाली ओढलं, पुढच्या रांगेतल्या रडणाऱ्या मुलीची माफी मागितली. नावं सुरू झाली, दिवे लागले, लोक उठले तरी तो तसाच बसून होता, कपाळाला आठ्या घालून.

बाहेर रिक्षाच्या रांगेत उभं असताना त्यानं विचारलं, “आवाज मुद्दाम बंद केला व्हता?”

“हो मामा. दिग्दर्शकानंच.”

“मग आधी ऑपरेटरला चिठ्ठी धाडायची. त्या पोराला शिव्या पडत असतील गावोगाव.”

“आता वर कुणी बसत नाही मामा. सगळं कॉम्प्युटरवर, आपोआप चालतं.”

“तरीच,” मामा म्हणाला, आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करायला लागला.